जाड खांब, हलका पत्रा

आमच्या पोर्चचे खांब बघून गावातली माणसं हसतात. दोनच खांब आहेत, पण दीड-दीड फूट जाडीचे, गोल, वर कमळाच्या पाकळ्या काढलेले. आणि एवढ्या थाटाच्या खांबांवर छत काय, तर पत्रा. पैलवानाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं घालावं तसं ते दिसतं, हे मला कुणी सांगायला नको. रोज मीच झाडते तिथं.

सास्तूरच्या बाजूला आमचं गाव. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सासऱ्यांना सरकारने दोन खोल्या बांधून दिल्या, त्यातच आमचा संसार झाला. मागं स्वयंपाकघर वाढवलं, न्हाणीघर काढलं, पण पुढची बाजू उघडीच राहिली. दार उघडलं की ऊन थेट देवघरापर्यंत. मुलगा लातूरला नोकरीला लागल्यावर माझ्या नवऱ्याच्या डोक्यात पोर्च शिरला. घराला तोंड पाहिजे, असं ते म्हणायला लागले. मला वाटलं, बरंच आहे, सावलीत बसून भाजी तरी निवडता येईल.

मग मिस्त्री आले आणि मोबाईलवर फोटो दाखवायला लागले. चौकोनी खांब, गोल खांब, पन्हाळीसारख्या उभ्या खाचांचे, वळ्यांचे. नवऱ्याचं बोट प्रत्येक वेळी सगळ्यात जाड खांबावर जाऊन थांबायचं. त्यावर पाच इंची स्लॅब येणार, असं मिस्त्रींनी सांगितलं. मी म्हटलं, जाड खांब मंगल कार्यालयाला शोभतात, आपल्या दोन खोल्यांना कशाला? लोखंडी पाइप लावू, वर पत्रा टाकू. नवरा म्हणाला, मग एसटीचा थांबा वाटेल, माणसं येऊन गाडीची वाट बघत बसतील. दोन-तीन आठवडे आमचं हेच चाललं. सकाळच्या चहाला मंगल कार्यालय, रात्रीच्या भाकरीला एसटीचा थांबा.

खरं तर मला दिसण्याशी काही घेणं-देणं नव्हतं. मला भीती वाटत होती.

माझं माहेर माकणीकडचं. वडिलांना घराच्या भिंतींचा फार अभिमान. दगड-मातीच्या, हातभर नव्हे, चांगल्या दोन-अडीच हात जाड. चैताच्या उन्हातही आमचं घर गार, असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे. भूकंपाच्या पहाटे तीच भिंत माझ्या धाकट्या भावावर आली. मी त्याच्या शेजारी झोपले होते. मला ओढून काढलं, त्याला काढायला दिवस उजाडून बराच वेळ लागला. तेव्हापासून जाड आणि जड असं काहीही डोक्यावर असलं की माझं लक्ष दुसरीकडं लागत नाही. बँकेत, दवाखान्यात, कुणाच्या नव्या बंगल्यात, मी आधी दार कुठं आहे ते बघते. चहा घेते तोही कडेला बसून. हे मी कुणाला बोलले नाही, कारण आमच्या भागात हे कुणी कुणाला सांगायचं? ज्याच्या घरी जावं त्याच्या भिंतीवर एखादा हार घातलेला फोटो असतोच. माझ्या सासूबाईंचाही आहे. भूकंपात गेल्या, एवढंच मला लग्नात सांगितलं होतं, आणि पुढं मीही विचारलं नाही.

जाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळणार नाही म्हणून मिस्त्रींनी एक दिवस अंगणात पाण्याचे दोन रिकामे ड्रम एकावर एक चढवले. हा एक खांब. दुसऱ्या बाजूला तसेच दोन. त्यावर आडव्या फळ्या टाकल्या, स्लॅब कुठं येईल ते कळावं म्हणून. मला रस्त्यावर उभं राहून बघायला सांगितलं. मी बघितलं, छान आहे म्हटलं. आता घरात जायचं तर त्या फळ्यांखालून जावं लागणार होतं, आणि माझे पाय उचलेनात. फळ्याच होत्या, साध्या सेंट्रिंगच्या फळ्या. शेवटी गल्लीला वळसा घालून मी मागच्या दाराने आत गेले.

ते ड्रम होते तोवर मी मागूनच ये-जा केली. शेजारणीने विचारलंही, पुढच्या दाराशी भांडण झालंय का तुमचं? मी हसले. पण आत कळून चुकलं होतं की हा स्लॅब टाकला तर जन्मभर मी माझ्याच घरात चोरासारखी मागून शिरणार आहे.

पायाचे खड्डे दुसऱ्या दिवशी घ्यायचे ठरले, तेव्हा मात्र बोलणं भाग होतं. संध्याकाळी नवरा पायरीवर बसून मोटारसायकलची चेन पुसत होता. मी मागून वळसा घालून पुढं आले आणि अंगणात उभी राहिले.

"मला दिसण्याचं काय बी न्हाय," मी म्हटलं. "मला स्लॅबचं भ्याव वाटतंय. त्याच्याखालून म्या जाऊ शकत न्हाय."

ते चेन पुसतच राहिले. मला वाटलं आता चिडतील, नाहीतर हसतील. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"आमच्या जुन्या घरात मातीच्या माळवदाला मधी सागवानी खांब हुता," ते म्हणाले. "लई जाड. भिंती गेल्या, वरची माती आली, पर तुळई त्या खांबावर अडकली. म्या त्याच्या बुडाशी हुतो, मिठी मारून. आई पलीकडं हुती, मातीखाली. ती हाक मारत हुती मला. लई येळ मारली. म्या खांब सोडला न्हाय."

एवढं बोलून ते उठले आणि हात धुवायला गेले. आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. बारीक पाइपाला ते एसटीचा थांबा का म्हणत होते, ते मला त्या संध्याकाळी कळलं. माझी भीती मला तोवर घरात एकटीचीच वाटत होती.

सकाळी मिस्त्री आले तेव्हा नवऱ्याने त्यांना सांगितलं, खांब ठरले तेच, स्लॅब रद्द, वर पत्रा. मिस्त्रींना आधी चेष्टा वाटली. एवढ्या खांबांवर दोन मजले उभे राहतील, असं ते कळवळून सांगत होते. नवरा म्हणाला, दिसायला बरं दिसतं. मी चहा आणून ठेवला आणि त्यालाच दुजोरा दिला. मिस्त्रींनी आमच्याकडं आळीपाळीने बघितलं आणि कामाला लागले.

पोर्च झाल्यावर मी पुढच्या दाराने वावरायला लागले. पत्र्याखाली भाजी निवडते, पापड वाळवते. सवय झाली असं मला वाटायला लागलं होतं.

आमच्याकडं जमिनीतून अधूनमधून आवाज येतो. कधी लांब सुरुंग उडाल्यासारखा, कधी घरघर. परवा दुपारी आला तो मोठा होता. मांडणीतली भांडी वाजली आणि मी गॅस तसाच ठेवून मागच्या दाराने रस्त्यावर पळाले. सगळी गल्ली रस्त्यावर होती. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी मुलं मोजत होतं. मी नवऱ्याला शोधलं, ते माणसांत नव्हते.

ते पोर्चमध्ये होते. खाली बसलेले, दोन्ही हातांनी खांब धरून, डोळे मिटलेले. मला हाक मारत नव्हते. कुणालाच हाक मारत नव्हते.

पत्रा थरथरत होता. बायका मला मागं ओढत होत्या. मी हात सोडवून घेतला आणि आत गेले, पत्र्याखाली, आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांचा सदरा घामाने भिजला होता.

"तू भाईर जा," ते डोळे न उघडता म्हणाले.

"जाते," मी म्हटलं, आणि बसून राहिले.