ठिगळवाले काका

कोपरीतले काका कुठलंही पत्र पाठवण्याआधी उभे राहून मोठ्याने वाचायचे. ऐकायला घरात मीच, स्वयंपाकाला येणारी. पत्र इंग्रजीत असायचं, म्हणून मला मराठीत सांगायचे. "सुमनताई, कळलं का? तुम्हाला कळलं तर त्यांनाही कळेल." मी लाटणं न थांबवता मान हलवायचे.

आंधळ्यांना पुस्तक वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा एक प्रोग्रॅम आहे, फुकट मिळतो. तो कुणा एकाचा नाही. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून त्यातल्या चुका दुरुस्त करतात. बदललेल्या तेवढ्याच ओळी ईमेलने पाठवायच्या आणि वर लिहायचं, काय बिघडलं होतं आणि कसं नीट केलं. त्याला पॅच म्हणतात. काका ठिगळ म्हणायचे.

एकदा त्यांचं ठिगळ परत आलं. "एकाच ठिगळात दोन भोकं बुजवली म्हणून रागावलेत. नोकरीत मला इतकं कुणी बोललं नव्हतं."

"मग सोडून द्या की, काका."

"सोडतो कसला? बरोबर आहे त्यांचं." तीन दिवस खपून त्यांनी दोन वेगवेगळी ठिगळं केली. चहा गार होऊन तसाच राहायचा.

तपासण्यासाठी ते दिवसभर पुस्तकं लावून ठेवत. यंत्रातली बाई वाचायची, मी कणीक मळत ऐकायचे. गोष्टीतली आई दारातून मुलाला हाक मारत होती आणि हाक अर्धी असतानाच बाई म्हणाली, सत्तेचाळीस.

"काका, ही मध्येच आकडा का बोलते?"

तो पानाचा नंबर होता. काका खुर्चीत बसूनच राहिले. "दोन वर्षं ऐकतोय मी. मला ऐकूच आलं नाही हे."

आठवडाभरात त्यांनी ते नीट केलं. पत्र वाचून दाखवलं आणि शेवटी थांबले. चूक ज्याला सापडली त्याचं नाव खाली लिहायची तिथली रीत, पण त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. "तुमचं लिहू ना?"

"नको. तुमचंच घाला."

"ते खोटं होईल."

"मग नावाशिवाय पाठवा."

"पाठवता येईल. पण तुम्ही विचार करा, घाई नाही."

माझं नाव रेशनकार्डावर आणि गॅसच्या पुस्तकावर. ठिगळाखाली एकदा लिहिलं की कायम राहतं, जगात कुणीही बघू शकतं, असं ते कौतुकाने म्हणाले. त्यालाच मी घाबरले. चौथी शिकलेली बाई, कुणी विचारलं ही कोण, तर? मी म्हटलं, "उद्या सांगते." मग रोज पोळ्या सुरू झाल्या की ते दारात येऊन एवढंच म्हणायचे, "उद्या?" मी हसून म्हणायचे, "उद्या." असे कितीतरी दिवस गेले.

एका गुरुवारी दार त्यांच्या कोलशेतच्या मुलीने उघडलं. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर ती आवराआवर करत होती. "ताई, बाबा सारखे या कॉम्प्युटरवरच असायचे. काही पाठवायचं राहिलंय का यात? तुम्हाला काही बोलले होते?"

चांगली मुलगी. हो, एक आहे, माझं नाव न घालता पाठव, एवढंच सांगायचं होतं. पण मग कुठलं, कसलं, सगळं सांगावं लागलं असतं. मी ओट्याकडे बघत म्हटलं, "नाही." तिने सगळं पुसून ते यंत्र एका शाळेला दिलं.

तेव्हापासून मी कुठल्याच घरी दाराकडे पाठ करून पोळ्या लाटत नाही.

आता कल्याणला एका आजींकडे जाते. त्यांची नजर गेली आहे. नातीने मोबाइलवर तोच प्रोग्रॅम घालून दिलाय. दुपारी मी भाजी निवडते, त्या ऐकत असतात. वाक्य तुटतं, आकडा येतो. आजी हात वर करतात, मान वळवतात.

"सुमन, मध्येच कोण मोजतंय गं?"

"कुणी नाही, आजी," मी म्हणते.