पहारेकऱ्याच्या हातचं पाणी

कंधारच्या धम्मप्रियाला कुणी विचारलं, "काय करून राहिलीस गं आजकाल?" तर ती सांगायची, "चौकोन मांडते." ऐकणाऱ्याला वाटायचं, एवढी शिकलेली पोरगी चौकोन मांडते म्हणते, आता हिला काय बोलावं?

पण काम खरंच तेवढं होतं. मोबाइलवरच्या खेळात जी माणसं हिंडतात, त्यांना अक्कल द्यायची. पडद्यावर एकेक चौकोन ठेवायचा: चोर दिसला का, दिसला तर धर, न्हाई तर फेरी मार. मग सगळे रेघांनी जोडायचे. खाली फांद्या फुटत जाणारं उलटं झाडच म्हणा ना. नेम एकच, पण कडक: डावीकडचा चौकोन आधी चालणार.

पुण्याच्या एका कंपनीनं तिला पारखायला घेतलं होतं. किल्ल्याचा एक पहारेकरी तिच्या हवाली केला. तो जमला तर नोकरी पक्की, तीही कंधारात घरी बसून. न्हाई जमला तर रस्ता मोकळा.

तपासणीच्या दिवशी कंपनीच्या मनिषा मॅडम स्वतः चोर झाल्या. बाकीची मंडळी व्हिडिओ कॉलवर बघत होती. चोर दरवाज्यातून आत शिरला. पहारेकरी धावत आला, भाला भिंतीला टेकवला आणि पाण्याचा तांब्या पुढं करून म्हणाला, "या पाव्हणं. कुठलं गाव?"

पलीकडं नुसता हशा. धम्मप्रियानं घाईनं आपलं उलटं झाड उघडून पाहिलं. बाहेरून कुणी आलं की पाणी दे, हा चौकोन तिनं चोर धरायच्या चौकोनाच्याही डावीकडं ठेवला होता. दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालंच नसतं बघा. आपल्या हातचं पाणी लोक एकेकाळी घेत नव्हते, हे तिच्या आईच्या, पारूबाईच्या मनातून कधी गेलं न्हाई. म्हणून त्या घरात दारात आलेल्याला आधी पाणी, नाव-गाव नंतर. लेकीच्या हातालाही तेच वळण.

"चुकलं मॅडम. सरकवते, लगेच होतंय."

"थांब जरा," मनिषा मॅडम म्हणाल्या. त्यांचा चोर खजिन्याच्या पेटीपाशी जाऊन नुसताच उभा होता. "अगं, पाणी प्यायले मी त्याचं. आता त्याच्याच किल्ल्यात चोरी कशी करू?"

मॅडमनी चोराला पेटीपासून मागं फिरवलं.

"सरकवू नकोस. पाणी घ्यायचं की नाही, ते खेळणाऱ्याला ठरवू दे. आणि सोमवारपासून तू आमची."

धम्मप्रियाला आनंद मावेना. लॅपटॉप तसाच टाकून ती अंगणात पळाली. पारूबाई लसूण सोलत होती. तिच्यापुढं बसून लेकीनं किल्ला, चोर, तांब्या, सगळं भडाभडा सांगायला घेतलं.

पारूबाईनं मधेच थांबवलं. "मंग पेली का ती बाई पाणी?"

"हाव, पेली की."

पारूबाई अशी काही खुलली, की नोकरीचं विचारायचं साफ विसरून गेली.