प्रणालीचं इंग्रजी

हे मी घरात बोलले नाही, बुद्धविहारातल्या बायांपाशीही नाही. तुम्हाला सांगते — बसा जरा.

मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन आलं ते विहारात. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या अड्याळला रोज ग्रंथ वाचतात. एक वाचतो, बाकीचे ऐकतात. ऐकता ऐकता मीच वाचणारी झाले. कुठे थांबायचं, अर्थ कसा उलगडून सांगायचा, सगळं तिथलंच. लोक वाचनवाली बाई म्हणायचे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

शेजारची प्रणाली जन्मापासून आंधळी. ती कॉलेजात गेली तेव्हा तिची आई आली. "मावशी, विहारात वाचता तसं माह्या पोरीसाठी वाचान का?"

मी नाही म्हणणार होते काय?

दुपारची जेवणं आटोपली की माझ्या घरापुढच्या छपरीत आम्ही दोघी. समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र. परीक्षा तिची, पण छपरीत बसून कॉलेजात जायची मी! लहानपणी साकोलीला मामाकडे जायचे तेव्हा कॉलेजच्या पोरी बसमधून उतरताना दिसायच्या, छातीशी पुस्तकं धरलेल्या. तेव्हापासून आत काहीतरी रिकामं होतं — कसं सांगू? — ते त्या दुपारी भरायचं.

पहिलं वर्ष सरत आलं आणि तिच्या मॅडम घरी आल्या. एआयचं काहीतरी निघालं होतं. पानाचा फोटो काढा, फोन वाचून दाखवतो, समजावून सांगतो, इंग्रजीसुद्धा आपल्या भाषेत. प्रणालीच्या घरी साधा बटणांचा फोन, म्हणून मॅडमनी ते माझ्या फोनवर टाकून दिलं. सोबत इंग्रजी साहित्याचं पुस्तक ठेवून गेल्या. प्रणालीला पुढे इंग्रजी घ्यायचं होतं. इंग्रजीची प्राध्यापक व्हायचं होतं.

"आजी, तुमीच पाहा न, जमते का ते," ती म्हणाली.

पाहिलं. घरी कुणी नव्हतं. मी आपल्या बोलीत विचारलं, "लोकशाही म्हंजे काय, मले नीट सांग बरं." त्यानं सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं — तलावाच्या पाण्याच्या वाटपाचं उदाहरण देऊन. चिडलं नाही, हसलं नाही. असा मास्तर मला जन्मात भेटला नव्हता. आनंद व्हायला हवा होता ना?

मला दिसली ती रिकामी छपरी.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बाई, त्याले आपलं बोलणं समजतच नाही. उगाच बडबडते."

"मंग इंग्रजी?"

"मले कुठं येते इंग्रजी?"

तिनं ते इंग्रजीचं पुस्तक चाचपून माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "जाऊ द्या आजी, मराठीच घेतो. तुमी हाव न."

एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, थांबले नाही. रोज सकाळी मी फोनला विचारायची आणि दुपारी तेच माझं म्हणून तिला सांगायची. "आजी, तुमी मॅडमपेक्षा भारी समजावता वो," ती म्हणायची. मी हसायची. दोन वर्षं हसले.

ती बी.ए. झाली, मराठी घेऊन. सत्कारात म्हणाली की माझं कॉलेज आजीच्या छपरीत भरलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता तिच्याकडे स्वतःचा फोन आहे. परवा सहज म्हणाली, "आजी, आता याले आपलं बोलणं समजाले लागलं. तवाच समजलं असतं तर..." वाक्य तिनं सोडून दिलं.

"हो, सुधारलं असन," मी म्हटलं.

कळलं ना तुम्हाला? पुन्हा तेच केलं मी. तेव्हा छपरी रिकामी व्हायची भीती होती म्हणून — आणि आता कशासाठी?

मॅडमचं ते इंग्रजीचं पुस्तक प्रणालीनं कधी ऐकलंच नाही. मी ऐकलं. एकटीनं, दार लावून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.