वाळूतला ण

आमच्या गावात ण नव्हता. पाणी नव्हतं असं नाही, पानी होतं. खाडीचं, विहिरीचं, मिठागरातलं, सगळं पानीच. लोणी म्हणजे लोनी, वेणी म्हणजे वेनी. कोपरखैरण्याच्या शेजारचं आमचं गाव. वडील मिठागरावर कामाला, आई मासळी विकायची. त्या घरातून मी मराठी विषय घेऊन बी.ए. झाले, वर बी.एड. केलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

लिहिताना माझा ण कधी चुकला नाही. तोंडातून मात्र न यायचा. एका शाळेत मराठीच्या शिक्षिकेच्या जागेसाठी नमुन्याचा पाठ द्यायला गेले. फळ्यावर सुंदर अक्षरात 'प्राणी' लिहिलं आणि मुलांना म्हटलं, "वाचा, प्रानी." मुलं हसली त्याचं काही नाही. मागे बसलेल्या शिक्षिका हसल्या. नंतर त्यातल्या एक म्हणाल्या, "विषय पक्का आहे हो तुमचा. पण मराठीच्या बाईच असं बोलल्या तर मुलांनी काय करायचं?"

पुढे दुसऱ्या एका शाळेचं बोलावणं आलं, सोमवारचं. त्या वर्षीची ती शेवटची संधी होती. जूनच्या आत नोकरी लागली नाही तर माझ्या लग्नाचं बघायचं, असं आई आणि काकांनी ठरवून टाकलं होतं.

बी.एड.च्या माझ्या दोन मैत्रिणी. एक मूळची साताऱ्याकडची, सानपाड्याला सोसायटीत राहणारी, उच्चारांच्या बाबतीत पोलीस. दुसरी कोकणी मुसलमान, वडिलांचा वाशीला धंदा, तिची खाला म्हणजे मावशी खाली कोकणात समुद्रकाठी राहायची. तिथे खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे, असं ती कॉलेजभर सांगत असे. तीच म्हणाली, "शनिवार-रविवार खालाकडे जाऊ. तिथे कितीही ओरडलीस तरी ऐकायला कुणी नाही. ण घेऊनच परत यायचं."

वडिलांना विचारायला गेले तर ते म्हणाले, "समुद्र बघायला तिकडं कशाला? हा काय, दारात हाय."

"तिकडं वाळूचा डोंगर हाय, बाबा."

"मग काय आनायला चाललीस? वाळू?"

"बानातला न आनायला."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या शाळेत काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. "जा," म्हणाले, "पन घेऊनच ये."

पनवेलहून लाल एस.टी.ने निघालो. बसमध्येच क्लास सुरू. सातारकरिणीने विचारलं, "तुमच्याकडे मीठ खाणीतून काढतात का गं?"

"खानीतून कशाला? खाडीच्या पान्यातून."

"खान कोण?" खिडकीशी बसलेली दुसरी वळली. "आमच्यात कुणी खान नाही हां, आम्ही कोकणी."

पुढच्या सीटवरचे आजोबा खांदे हलवत हसले. मीही हसले, पण हसता हसता जीभ वर नेऊन बघत होते. येत नव्हता.

खालाने दारातच तांब्या पुढे केला. "पानी पिवा आधी, मग काय ते." मी सातारकरिणीकडे पाहिलं. तिने निमूटपणे पानी प्यायलं. तांदळाच्या रोट्या आणि बांगड्याचं कालवण जेवताना मी तिला टोकलंच, "खालाला नाही सुधारलंस ते?"

"खालाला सोमवारी मुलाखत नाहीये."

"तिचं बरोबर, मग माझं चूक कसं?"

ती रोटी मोडता मोडता थांबली. "चूक कोण म्हणतंय? माझी आजी 'आलाया, गेलाया' करते. घरचं घरी ठेव. सोमवारी त्यांचं ते त्यांना देऊन ये."

मला ते पटलं. ती इतका वेळ मला शिकवत होती, पण खऱ्या अर्थाने ऐकलं ते मी तेव्हा.

ऊन कलल्यावर सुरूच्या बनातून टेकडीकडे गेलो. मी जन्मभर खाडीचा चिखल पाहिलेला, एवढी कोरडी वाळू एका जागी कधी पाहिली नव्हती. वर चढायला लागलो की पाय घोट्यापर्यंत आत जायचा आणि एक पाऊल चढलं तर अर्धं खाली यायचं. माथ्यावर पोचलो. एका बाजूला खाडी, समोर समुद्र, आणि वारा असा की ओढण्या तोंडावर.

"कच्छचं रणच की गं हे," सातारकरीण म्हणाली. "म्हण, रण."

"रन."

"किती काढल्या?" दुसरीने विचारलं. "आऊट हो आता."

मी चिडले. "मी नाय म्हननार," म्हणून तरातरा उतरायला निघाले, आणि उतारावर पाय रुतून पुढच्या पुढे तोंडावर आपटले. घसरत थेट तळाशी. उठून बसले तर डोळ्यांत, केसांत, तोंडात वाळू. थू थू करून बरीचशी गेली, पण टाळूला, पार मागे, एक कण चिकटून राहिला. जीभ उलटी वळवून तो खरवडत होते तोवर दोघी घसरत खाली आल्या.

"लागलं का?"

मी जीभ न हलवता तोंडाकडे बोट दाखवलं. सातारकरीण माझ्या उघड्या तोंडात डोकावली आणि ओरडली, "तिथंच! जीभ तिथंच ठेव. हलवू नकोस. आता आवाज काढ."

काढला. ण आला. स्वच्छ, गोल, माझाच आहे यावर माझाच विश्वास बसेना असा. "परत," ती म्हणाली. परत आला. "पाणी म्हण." पाणी आलं. मग मी थांबेचना. बाण, कोण, प्राणी, वाणी. वाळूत बसून तिघी रडेपर्यंत हसलो.

रविवारी सकाळी भरतीच्या पाण्यात गुडघाभर उभ्या राहून मी उजळणी केली. लाटेच्या आवाजावर आवाज चढवायचा म्हणून बेंबीच्या देठापासून, "लोणी! वेणी! लोणी! वेणी!" वाळूवर सुकट पसरणारी एक कोळीण बराच वेळ बघत होती. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो पोरीनू, विकायला आल्यात? लोनी कसं दिलं?"

सोमवारी आईची चांगली साडी नेसून गेले. 'प्राणी' हाच धडा मी मुद्दाम निवडला. एकही ण चुकला नाही. मुख्याध्यापकांनी शेवटी गाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, "पण तुमच्या बोलण्यात काही जाणवत नाही हो."

हे कौतुक होतं. मला मात्र ते घ्यावंसं वाटेना. म्हटलं, "सर, घरी आम्ही पानी म्हणतो, आणि म्हणत राहणार. वर्गात पाणी म्हणेन. माझ्यासारखी मुलं तुमच्या शाळेतही येतात. त्यांना हसण्यापेक्षा जीभ कुठे ठेवायची ते दाखवीन."

त्यांनी माझी फाईल मिटली. मग म्हणाले, "जूनपासून या."

पुढे किती मुलांना मी सांगितलं असेल, टाळूला मागे वाळूचा कण चिकटलाय असं समज, आणि जिभेने काढ. त्यांना वर्गात मी कुणालाही हसू दिलं नाही.

त्या सोमवारी घरी पोचले तेव्हा वडील ओट्यावर पाय धूत होते. पायांच्या भेगांत मीठ पांढरं दिसत होतं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आनलास का गो बानातला न?"

"आनला, बाबा," मी म्हटलं.