‘अम्मी’ म्हणा

माणसाच्या मनापर्यंत जाणारी वाट त्याच्या संस्कृतीतून जाते, असं आमचे प्रशिक्षक म्हणाले आणि ती वाट आम्हाला लवकर सापडावी म्हणून त्यांनी अत्तराची कुपी उघडली. आजही गुलाबाच्या अत्तराचा वास आला की मुस्लिम रुग्णांना समजून घ्यायला भरलेला कोल्हापुरातला समुपदेशकांचा तो वर्ग आठवतो: बंद खिडक्या, गार पडलेला चहा आणि समोरच्या खुर्चीत गडमुडशिंगीची आमची सहकारी. वर्गात ती एकटीच मुसलमान, म्हणून सरावासाठी ‘मुस्लिम रुग्ण’ तिनं व्हायचं ठरलं. ती खाली बघत म्हणाली, “आई गेल्यापासनं झोप न्हाय. सकाळी तिचा पण चहा टाकती, मग ध्यानात येतंय.” आणि तिला रडू फुटलं. प्रशिक्षकांनी हात वर केला. “मॅडम, ‘आई’ नको, ‘अम्मी’ म्हणा. जरा संस्कृती दिसू द्या.” “आमच्या घरात आईच म्हणत्यात की, सर.” सर हसले आणि त्यांनी ती भूमिका पेठ वडगावच्या एका मिशीवाल्या गृहस्थांना दिली. त्यांनी तिचीच ओढणी मागून डोक्यावर घेतली, “या अल्ला” म्हणत ऊर बडवला आणि टाळ्या मिळवल्या. ओढणी परत घेऊन शेजारी बसताना ती मला हळूच म्हणाली, “माझी आई खरंच गेलीया ओ, गेल्या महिन्यात.” हॉलभर समुपदेशक होते आणि तिचं रडणं सगळ्यांनी अभिनय म्हणून पाहिलं होतं, तोही कच्चा. तो वर्ग अजून दरवर्षी भरतो; जेवणाला, विषयाला धरून, बिर्याणी असते.