आईला न सांगता येणारा पत्ता

आमच्या गल्लीला नाव असं नव्हतं. आदिलाबादच्या भाजीबाजारामागची ती एक अरुंद वाट होती. पावसाळ्यात तिथं चपला हातात घ्याव्या लागत म्हणून सगळे तिला चिखलगल्ली म्हणत, आणि त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे.

माझे वडील अर्जनवीस होते. तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली सतरंजी टाकायची, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी पुढ्यात घ्यायची आणि आल्यागेल्याचे अर्ज लिहून द्यायचे, हा त्यांचा धंदा. उर्दू त्यांना निजामाच्या काळातल्या शाळेपासून येत होती. पुढं कचेरीचा कारभार तेलुगूत गेला, तसे तेही तेलुगूत गेले. भीमपूरकडचा शेतकरी आला की त्याचं गाऱ्हाणं मराठीत ऐकायचं आणि कागदावर तेलुगूत उतरवायचं. त्यांनी लिहिलेला अर्ज कधी परत येत नाही, अशी ख्याती होती. ती कितपत खरी होती मला माहीत नाही, पण घरात आम्ही ती खरीच धरून चाललो होतो. "रकाना रिकामा ठिवाचा नाई," असं ते प्रत्येकाला बजावत. आम्हा भावंडांना ते पाढ्यासारखं पाठ होतं.

गल्लीत नळ आला तोही त्यांच्या अर्जांमुळं. नळ आला त्या दिवशी बायकांनी तोटीला हळदकुंकू वाहिलं. चिखल मात्र बारमाही झाला.

ऐंशीच्या दशकात कधीतरी नगरपालिकेनं रस्त्यांना थोरामोठ्यांची नावं द्यायचं ठरवलं. मोठे रस्ते पुढाऱ्यांना गेले. आमच्यासारख्या गल्ल्यांनी आपलं नाव आपणच सुचवावं, असं निघालं. एका सकाळी शेजारचे भाजीवाले काका चार-पाच जणांना घेऊन ओट्यावर येऊन बसले. "आपल्या गल्लीले तुमचंच नाव देऊ म्हन्तो आमी," ते वडलांना म्हणाले.

वडील दोनदा "नाई नाई" म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यात जीव नव्हता, हे माझ्याही लक्षात आलं, आणि मी तेव्हा जेमतेम नववीत होते. मग सगळे त्यांच्या पेटीकडं बघू लागले. अर्ज करायचा होता आणि आमच्या गल्लीत अर्ज लिहिणारा माणूस एकच होता.

तर वडलांनी स्वतःच्या थोरवीचा अर्ज स्वतः लिहिला. मी समोर बसून पाहत होते. स्वतःला 'सदरहू इसम' म्हणत त्यांनी नळाची हकीकत लिहिली, दोनदा खोडली, पुन्हा लिहिली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आई आतून म्हणाली, "अन् मी पत्ता कसा सांगू?"

बाहेरचे सगळे हसले. आई हसली नाही, कारण तिनं गमतीनं विचारलंच नव्हतं. तिनं नवऱ्याचं नाव लग्नात आणि आमच्या बारशांना उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी 'हे' आणि 'ह्याइचं'. आता राशनच्या दुकानात, दवाखान्यात, पत्ता म्हणून तिला तेच नाव उठता-बसता घ्यावं लागणार होतं.

"काऊन, घ्याचं नाव," वडील अर्जावरून मान वर न करता म्हणाले. "मंग तं हा अर्ज मंजूरच व्हाले पाह्यजे."

अर्ज घेऊन ते स्वतः गेले आणि दुपारी तोच घेऊन परत आले. छापील नमुन्यात एक रकाना होता, मृत्यूच्या तारखेचा. हयात माणसाचं नाव रस्त्याला देत नसत. तेवढा एक रकाना त्यांनी रिकामा ठेवला होता. तो त्यांना भरता येणंच शक्य नव्हतं.

"मंग थांबू ना बाप्पा, घाई काय हाय?" भाजीवाले काका म्हणाले, आणि ओट्यावर हशा पिकला. वडीलही हसले. आईनं त्या दिवशी कुणाला चहा दिला नाही. मला सगळ्यांचा राग आला, त्यातही वडलांचा जास्त. त्यांना ती पाटी मनापासून हवी होती आणि ते हसून साजरं करत होते.

त्यानंतर माझं लग्न झालं आणि मी वांकिडीला आले. एकोणीसशे नव्वद साल उलटल्यावर वडील दोन दिवसांच्या तापात गेले. तेरावं झाल्यावर मी त्यांची पेटी उघडली. तळाशी तोच अर्ज होता, नव्या छापील नमुन्यावर, सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवलेला. सगळे रकाने भरलेले, एक सोडून. मी तारीख घातली. शाई पसरू नये म्हणून बेतानं लिहिलं. भाजीवाल्या काकांनी लोकांच्या सह्या-अंगठे घेतले आणि अर्ज नेऊन दिला. तो पहिल्या झटक्यात मंजूर झाला.

काही महिन्यांनी नळाशेजारी निळी पाटी लागली. आईला वाचता येत नव्हतं, पण पाटीवर काय आहे ते तिला माहीत होतं. ती त्या पाटीखालून पाणी आणायची आणि पत्ता विचारला की म्हणायची, "नळापाशी." राशनवाल्यानं फारच खोदून विचारलं तर, "ह्याइच्या गल्लीत." मी सोबत असले की माझ्याकडं बघायची आणि मी नाव सांगून मोकळी व्हायचे.

एकदा मी वांकिडीहून आले तेव्हा आई मला घ्यायला बसस्टँडवर आली होती. दुपारची वेळ, माझ्या दोन्ही हातांत बोचकी. रिक्षावाला नवा होता.

"किधर?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी बोलले नाही. ठरवून असं नाही, उन्हानं डोकं उठलं होतं आणि दर वेळी मीच का, असं वाटलं.

"नळापाशी," आई म्हणाली.

"कौनसे नल के पास?" एव्हाना प्रत्येक गल्लीत नळ होते.

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि नाव सांगितलं. वडलांचं, मग त्यांच्या वडलांचं, मग आडनाव, आणि शेवटी 'गल्ली'. आवाज मुळीच खाली नव्हता. मी इथं ते लिहीत नाही. त्या दुपारनंतर ते मला तिचं वाटतं.

"कौन थे? कोई मिनिस्टर?"

"अर्जी लिखते थे," आई म्हणाली.

रिक्षा निघाली. आईनं माझं एक बोचकं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "लय हौस होती त्याइले."

"पाटीची?"

"माह्या तोंडून आयकाची."