उंच झालेली स्पोर्ट्‌स कार

गाडीच्या पोटाखाली उजव्या हाताची चार बोटे आडवी सरकवून ते म्हणत, "बरोबर चार बोटं मावली! याहून एक बोट जास्त झालं, की ती स्पोर्ट्‌स कार नाही, टांगा."

आमचे हे शेजारी सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते. निवृत्त माणसे तीर्थयात्रेला जातात, गुलाब लावतात. यांनी जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार आणली. तिच्यात बदल करावा की नाही, हा प्रश्न लगेच उभा राहिला. वर्षभर तो उभाच होता, गाडीही तशीच.

संध्याकाळी अंगणात सभा भरे. मागे पंख बसवावा काय? सायलेन्सर बदलून आवाज भारदस्त करावा काय? प्रत्येक प्रस्तावाचे गुण आणि दोष ते क्रमाने सांगत, आमची मते विचारत आणि शेवटी म्हणत, "आधी तत्त्व ठरू द्या." वाचकहो, अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापाशी वेळ भरपूर असतो. घरातल्या इतरांपाशी तो असतोच असे नाही.

काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, मागणी एकच होती: त्या गाडीतून तिलवाऱ्याच्या घाटावर जाऊन नर्मदा पाहायची. पण त्यांचे गुडघे आखडलेले.

"अहो, ही गाडी आहे की पाट? बसलं की उठवायला माणसं लागतात. तुमचं तत्त्व ठरून राहिलं, अन् इकडे माझे गुडघे चालले."

"अगं, उंच केली तर गुरुत्वमध्य बिघडतो."

"अन् माझा बिघडला, त्याचं काय?"

एकदा त्या हट्टाने बसल्या. शेजारणींनी दोन्ही हात धरून त्यांना बाहेर ओढले, तेव्हा सगळे हसले; काकूही हसल्या. मग डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. त्या संध्याकाळी सभा भरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांबरोबर गोहलपुरात, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे होतो. मिस्त्री चक्रावला. "साहब, लोग नीची करवाते हैं. आप ऊँची?"

"हौ भैया. कुर्सी जितनी."

गाडी परत आली ती चिखल टाळत चालणाऱ्या कोंबड्यासारखी. कॉलनीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. "मूळ रूपाची हानी झाली, हे मान्य," असे आम्हांला सांगून ते पत्नीसाठी दार उघडून उभे राहिले. काकू सहज बसल्या. त्यानंतर दर रविवारी ती लाल गाडी तिलवाऱ्याच्या रस्त्याने जाई.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. परवा आमच्या या हिंदी मुलखात नुकतेच बदलून आलेले एक मराठी बँक अधिकारी गाडी विकत घ्यायची म्हणून पाहायला आले. "काकू, गाडी उत्तम आहे. फक्त पुन्हा खाली करून घेईन."

"काहून? तुमच्या घरी म्हातारं कोणीच नाही का?"

त्या गृहस्थांना चहा मिळाला. गाडी मिळाली नाही.